हरकतींच्या आधीचं आभारप्रदर्शन

अणुकचऱ्याच्या गोदामाबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासाठी भरलेल्या सुनावणीत, एकाही गावकऱ्यानं तोंड उघडायच्या आधी मी आभारप्रदर्शन करून टाकलं.

हे वाक्य जरा बऱ्या तऱ्हेनं सांगता येईल का, ते मी बराच वेळ बघितलं. येत नाही.

अणुकचरा हा शब्द गावाचा. कंपनीच्या कागदांत त्याला 'वापरून झालेले किरणोत्सारी स्रोत' असं म्हटलं होतं. चाकणच्या पट्ट्यातल्या काही कारखान्यांत वेल्डिंगचा सांधा तपासायची किंवा पत्र्याची जाडी मोजायची यंत्रं असतात, आणि त्यांच्या पोटात असा एक छोटासा तुकडा असतो. काही वर्षांनी तो यंत्राच्या कामाचा राहत नाही, पण माणसाला इजा करण्याइतका दम त्याच्यात उरलेला असतो. मग तो जिथून आला तिथे परत पाठवायचा. पाठवेपर्यंत असे सगळे तुकडे एका जागी ठेवायला एका कंपनीला महाळुंग्यात गोदाम बांधायचं होतं. ती जागा माझ्या आत्याच्या परसाला खेटून होती.

आमचं मूळ घर महाळुंग्याचं. वडील नोकरीसाठी बाहेर पडले आणि संत तुकाराम नगरात स्थिरावले. मी आणखी पुढे सरकून पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो, जिथे सगळ्यात मोठं संकट म्हणजे लिफ्ट बंद पडणं. आत्या मात्र तिथेच राहिली. आजूबाजूचं रान कंपन्यांत गेलं आणि तीन बाजूंनी पत्र्याच्या भिंती उठल्या. मध्ये तिचं घर, गोठा आणि शेवग्याचं झाड. घरात मुलगा, सून, आणि सुनेचे दिवस भरत आलेले.

आत्याला अणूची भीती अणू म्हणून नव्हती. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या रंगाच्या गोदामाला आग लागली. भोंगा वाजला. भोंग्याचा अर्थ या लोकांना कुणी कधी सांगितलेलाच नव्हता. आत्या सुनेचा हात धरून रस्त्याकडे पळाली, आणि रस्ता नेमका धुराच्या बाजूला होता. तोंडाला पदर लावून दोघी परत फिरल्या, म्हणून वाचल्या. तेव्हापासून जवळपास कुठेही शिफ्टचा भोंगा झाला तरी सून दारात येऊन उभी राहते आणि आत्या तिच्या मागे.

म्हणून सुनावणीची दवंडी झाल्यावर आत्याचा फोन आला. "तू माईकवर बोलतूस न्हवं? मग आमच्याकडनं तूच बोल."

मी माईकवर बोलतो हे खरं आहे. सोसायटीचा गणपती, कंपनीतला सुरक्षा सप्ताह, कुणाचा सेवानिवृत्तीचा समारंभ, सगळीकडे सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. मला कुणी बोलावतं असं नाही, पण माईक दिसला की मी तिथेच असतो. स्वागत, सत्कार, मनोगत, आभार हा क्रम माझ्या जिभेला इतका पाठ झालाय की लेकीच्या वाढदिवसाला केक कापल्यावर मी केकवाल्याचेही आभार मानले होते. बायकोनं तेव्हाच हात जोडले होते.

सुनावणीच्या दिवशी सकाळी आत्यानं मला ओट्यावर बसवून प्रश्न पाठ करून घेतला. "भोंगा वाजला तर आमी कुठल्या बाजूला पळायचं, आन् ते आमाला आदी कोण सांगनार?"

मी म्हणालो, "आत्या, जरा चांगल्या शब्दांत मांडतो."

"चांगल्या शब्दांत नको. हाय असाच इचार."

गावात असंही ठरलं होतं की पहिला मीच उठायचं. आमच्याकडे भरल्या सभेत पहिला कुणी उठत नाही. पहिला उठतो तो शहाणा ठरतो, आणि पुढची चार वर्षं त्याला त्या नावानं हाक मारतात. एकदा कुणी सुरुवात केली की मग मात्र कुणाला बसवता येत नाही. तेव्हा सुरुवात शहरातल्या भाच्यानं करावी, त्याला काय, संध्याकाळी तो निघून जाणार.

शाळेच्या मैदानावर मंडप होता. अध्यक्ष म्हणून जिल्ह्याचे एक अधिकारी, शेजारी कंपनीचा माणूस, आणि समोर सगळ्याचं चित्रीकरण करणारा कॅमेरा. मंडप आणि साउंड आमच्या ओळखीच्याच माणसाचा होता. इथल्याच जुन्या मुसलमान घरातला, माझ्या निम्म्या कार्यक्रमांना त्याचेच कर्णे असतात. त्याला पाहून मला धीर आला. पुढे जे झालं त्यात या धीराचाही हात आहे.

कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. शिशाच्या जाड भिंतींचा डबा, काँक्रीटचा खड्डा, कुलपं. 'धोका नगण्य आहे' असं तो इतक्यांदा म्हणाला की जे तोवर घाबरले नव्हते तेही सावरून बसले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "नगन्य म्हंजी?" मी म्हणालो, "जवळजवळ नाही." तो म्हणाला, "जवळ हाय म्हन की."

मग अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. सून मागच्या खुर्चीत पोटावर हात ठेवून बसली होती, तीही बघत होती. मी उठलो, माईक हातात घेतला, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की आजवर माझ्यासमोर बसलेली माणसं जेवणाची वाट बघत असायची. ही माझी वाट बघत होती. प्रश्न होता, तो कुठेतरी मागे राहिला, आणि जीभ आपल्या ओळखीच्या रस्त्याला लागली.

"व्यासपीठावरील मान्यवर," मी म्हणालो. अध्यक्षांनी मान डोलावली. झालं. मान डोलावणारा अध्यक्ष दिसला की मला थांबता येत नाही. एवढ्या उन्हात, वेळात वेळ काढून ते आमच्या गावी आले याबद्दल मी त्यांचा ऋणी झालो. कंपनीच्या माणसानं सोप्या भाषेत समजावलं याबद्दल त्याचे आभार मानले. पोलीस बांधव, शाळा, चहा देणारी मंडळी, कुणालाही सोडलं नाही. आतून काहीतरी ओरडत होतं की अरे, प्रश्न विचार. मी मनात म्हणत होतो, हो, हे एवढं संपलं की लगेच. आणि मग मी म्हणालो, "आणि सरतेशेवटी..."

साउंडवाल्याला माझी सवय आहे. माझ्या तोंडून 'सरतेशेवटी' आलं की तो बटणावर बोट ठेवतो, कारण त्याच्या अनुभवात त्यानंतर राष्ट्रगीत लागलं नाही तर मी अजून अर्धा तास बोलतो. त्यानं लावलं.

सगळा मंडप उभा राहिला. आता राष्ट्रगीत चालू असताना मी बोलणार काय आणि हलणार काय? हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिलो. समोर आत्याही ताठ उभी, नजर माझ्यावर. इतकं लांब राष्ट्रगीत मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्या वेळात मला सगळं स्वच्छ दिसलं. सुनावणी संपणार, कागदावर हरकत नाही असं लागणार, भिंत उठणार, आणि पुढच्या भोंग्याला या दोघी पुन्हा धुराकडे पळणार.

राष्ट्रगीत संपलं तशी माणसं निघाली. राष्ट्रगीतानंतर कुणी बसत नाही, ती सवय माझ्या जिभेपेक्षाही जुनी. अध्यक्ष वाकून म्हणाले, "कुणाची हरकत दिसत नाही. सुनावणी संपली असं जाहीर करतो." खुर्च्या घडी व्हायला लागल्या. माझ्या बाजूनं जाताना एक जण म्हणाला, "राव, आत्याच्या पोराला कंपनीत लावून देतो म्हणाले काय?" मी हसलो. तो हसला नव्हता.

मी गाडीकडे धावलो. अध्यक्षांचा एक पाय आत होता.

"साहेब, लोकांचं ऐकायचं राहिलंय."

"मी दोनदा विचारलं. तुम्ही बोललात की. आभार मानलेत."

"ती सवय आहे साहेब. प्रश्न वेगळा होता."

"चित्रीकरणात सवय दिसत नाही हो. आभार दिसतात."

मी गाडीचं दार धरून उभा राहिलो. माझ्या आत्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत, असं काहीतरी बोललो. मग ते पाय बाहेर काढून म्हणाले, "लोक बसलेले असतील तर ऐकणं माझं कामच आहे. पण लोक कुठायत?"

निम्मे फाटकापाशी पोचले होते, निम्मे वडापावच्या टेबलाला लागले होते. मी माईककडे पळालो. साउंडवाल्यानं माईक पाठीमागे घेतला.

"तुम्हाला नाही देणार, भाऊ."

"अरे, लोकांना बसवायचंय."

"मी बसवतो. तुम्ही लांब उभे राहा." आणि त्यानं स्वतःच पुकारलं, "मंडळी, परत या. सुनावणी बाकी आहे. साहेब थांबलेत."

माणसं थबकली, पण बसेनात. गावातल्या शाळेचे एक निवृत्त गुरुजी पुढे आले. "राष्ट्रगीत झाल्यावर कार्यक्रम चालू ठेवायचा नसतो. ही काय पद्धत?"

चार डोकी लगेच हलली. गुरुजींचं म्हणणं खोटंही नव्हतं. मला दिसत होतं, तिकडे अध्यक्ष घड्याळ बघतायत, कॅमेरावाला वायर गुंडाळतोय, आणि इकडे गाव पद्धतीवर अडून बसलंय. माझ्या सवयीनं बिघडवलेलं आता गावाच्या सवयीनं पुरं बुडणार होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात साउंडवाला म्हणाला, "गुरुजी, शेवटी परत लावतो की. दोनदा उभं राहिलं म्हणून कुणाचे पाय झिजतात?"

गुरुजींनी विचार केला. "मग शेवटी लावायचंच," असं बजावून ते पहिल्या ओळीत बसले. ते बसल्यावर बाकीचे बसले. काही जण हातात वडापाव घेऊन बसले. अध्यक्ष परत आले आणि कॅमेरा चालू झाला.

आणि पुन्हा कुणी उठेना. पहिला उठणारा मी, आणि मला आता माईकच्या आसपास कुणी फिरकू देत नव्हतं.

मग आत्या उठली. आयुष्यात माईक धरला नव्हता तिनं. तो लाटण्यासारखा आडवा धरून तिनं विचारलं, "भोंगा वाजला तर आमी कुठल्या बाजूला पळायचं, आन् ते आमाला आदी कोण सांगनार?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "मावशी, तशी वेळच येणार नाही."

"रंगाच्या गोदामाचंबी असंच म्हनत हुते. येनार का न्हाई ते मी इचारलंच न्हाई. आली तर कुठं पळू, ते इचारलंय."

त्यानं पडद्यावरची चित्रं मागे-पुढे केली आणि शेवटी एक नकाशा सापडला. कामगारांनी आगीच्या वेळी जमायची जागा त्यात हिरव्या रंगानं दाखवली होती, दारं दाखवली होती, बाण होते. नकाशा कंपनीच्या भिंतीपाशी संपत होता. भिंतीच्या पलीकडे, जिथे आत्याचं घर, गोठा आणि शेवगा, तिथे पांढरं होतं.

त्या माणसानं नकाशा जरा सरकवून पाहिला, पुढे काही नव्हतं. मग हळूच म्हणाला, "याच्यावर काम करावं लागेल."

त्यानंतर मात्र माणसं एकामागून एक उठली. ट्रक शाळेवरून जाणार का, पावसाचं पाणी खड्ड्यात शिरलं तर कुठे जाईल, हे तात्पुरतं म्हणजे किती दिवसांचं. ज्यानं मला पोराच्या नोकरीचं विचारलं होतं, तोही माझ्याकडे न बघता बोलून गेला. शेवटी अध्यक्षांनी गोषवारा वाचून दाखवला. त्यात आत्याचा प्रश्न पहिला होता. निर्णयाच्या आधी कंपनीनं प्रत्येक प्रश्नाला मराठीत लेखी उत्तर गावाला द्यायचं, असंही त्यांनी लिहून घेतलं. पुन्हा राष्ट्रगीत झालं. गुरुजी सगळ्यांच्या आधी उभे राहिले.

हे सगळं चांगलं झालं असं मला म्हणवत नाही. ठरलं काहीच नव्हतं. उत्तर येईल, येणार नाही, आलं तर त्यात काय असेल, कुणाला ठाऊक. मी आत्याला आणि सुनेला गाडीत बसवून घरी सोडायला गेलो तेव्हा परसामागच्या जागेत कुणीतरी पायासाठी चुन्याची रेघ मारून ठेवलेली दिसली. पांढरी, सरळ, शेवग्यापासून दोन ढांगांवर. सून गाडीतून उतरून ती रेघ बघत उभी राहिली. आत्यानं तिला दंडाला धरून घरात नेलं, आणि मग एकटीच बाहेर आली.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "आत्या, काळजी करू नकोस. कंपनीचं उत्तर आलं की मला फोन कर. मी येतो, वाचून दाखवतो, नीट समजावतो. परत बैठक लागली तर दोन शब्द मीही..."

"वाचायला सून हाय, बोलायला मी हाय," आत्या म्हणाली. "तू निस्ती गाडी चालव. आन् तीबी तोंड मिटून."