पुसलेली रेघ

बाटल्या भरायच्या त्या कारखान्यात सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा म्हणायची, "अहो मिस्त्री, घरातला नळ गळतोय. तुमचा पाना काय फक्त साहेबांसाठी आहे?"

कामाचा त्याला नादच होता. लेबलं चिकटवायचं यंत्र तासातासाला अडकायचं. दोन महिने डोकं खाजवून त्यानं एका भंगार यंत्राची स्प्रिंग त्यात बसवली आणि अडकणं पुष्कळ कमी झालं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात बाहेरचे बडे लोक कारखाना बघायला आले, तेव्हा साहेब यंत्रापाशी उभे राहून सांगत होते, "ही माझी कल्पना." मिस्त्री मागेच उभा होता, हातात तेलकट फडकं. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

त्याचं मन उठलं ते उठलंच. आपण बरं नि आपलं काम बरं, असं म्हणू लागला. मग तेवढ्यानंही भागेना. अडकलेलं यंत्र सोडवायला चाक कुणीकडे आणि कुठवर फिरवायचं, त्याच्या लाल रेघा त्यानंच पूर्वी ओढल्या होत्या. एका दुपारी त्यानं त्या रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकल्या. आता सगळं त्याच्या डोक्यात. यंत्र थांबलं की साहेब स्वतः त्याला शोधत कँटीनमध्ये यायचे, आणि हा चहा संपल्याशिवाय उठायचा नाही. बरं वाटायचं.

फार दिवस नाही वाटलं. रजा मिळेना. मुलीच्या शाळेत गेला तरी हात खिशातल्या फोनवर. जेवता जेवता उठायचा, खिडकीशी जायचा, परत येऊन बसायचा.

"घरात आहात की कारखान्यात?" बायको विचारायची. त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एकदा तो सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेला होता, तेव्हा यंत्र अडकलं. फोन वाजला. त्यानं मुद्दाम उचलला नाही. कळू दे जरा! तिकडे पॅकिंगवरच्या ताईनं, बारा वर्षं त्याच्या शेजारी काम केलेल्या बाईनं, अंदाजानं चाक फिरवलं. ते उलटं फिरलं आणि तिची दोन बोटं रोलरमध्ये सापडली.

बातमी कळून तो धावत आला तेव्हा ती पट्टी बांधून बाकावर बसली होती.

"माझंच चुकलं रे. पूर्वी तिथं लाल रेघ होती ना?"

तो टेबलाकडे वळला. तिथं साहेब अपघाताचा कागद भरत होते : कामगाराचा निष्काळजीपणा.

"तसं लिहू नका. रेघ मी पुसलीय."

"डोकं ठिकाणावर आहे का, मिस्त्री? कशाला अंगावर घेता?"

"लिहा, साहेब. आणि का पुसली तेही लिहा, मी सांगतो."

का पुसली ते साहेबांनी लिहिलं नाही. मिस्त्रीची गोदामात बदली झाली. जाण्याआधी तीन दिवस खपून त्यानं एकेक रेघ पुन्हा ओढली, नव्या माणसाला सगळं समजावलं. ताईची बोटं वाचली, एक मात्र वाकडंच राहिलं. पाच महिने ती त्याच्याशी बोलली नाही. मग एक दिवस गोदामाच्या दारात येऊन म्हणाली, "खोकी किती उंच रचतोस! हात पोचत नाही माझा." त्यानं थप्पी उतरवली.

गोदामात काम कमी, पण त्याला चैन नाही. तिथल्या हातगाड्या उगाच लांबून फिरतात, हे त्याच्या लक्षात आलंय. जवळच्या वाटेचा नकाशा काढून तो खिशात घेऊन फिरतो. साहेबांना दाखवायचा, असं रोज सकाळी ठरवतो आणि दुपारपर्यंत बेत मोडतो.