सुलेखा बोरकरची साक्ष

सुलेखा बोरकरला सभा-समित्यांचा मनस्वी कंटाळा. शिकागोच्या पश्चिमेकडल्या त्या छोट्या शहराच्या मानवी हक्क आयोगात ती अडकली ती केवळ बटाटेवड्यांमुळे. आयोगाच्या वार्षिक सहभोजनाला तिने नेलेले वडे दहा मिनिटांत फस्त झाले आणि अध्यक्षीणबाईंनी तिला धरूनच ठेवलं. एकदा हो म्हणणाऱ्याच्या पाठीवर ओझं वाढतच जातं. शाळांमधली निबंध स्पर्धा झाली, ग्रंथालयातलं प्रदर्शन झालं आणि १९८६च्या उन्हाळ्यात तिच्या गळ्यात घरांची पडताळणी येऊन पडली.

काम दिसायला साधं होतं. एखाद्या काळ्या माणसाला घरमालकाने ‘जागा गेली’ असं सांगितलं, की लगेच आयोगाच्या दुसऱ्या, काळ्या नसलेल्या माणसाने तिथे जाऊन भाडेकरू म्हणून विचारायचं. मालक काय बोलला ते शब्दन् शब्द फॉर्मवर लिहायचं.

त्या शनिवारची तक्रार मिसेस टर्नर नावाच्या नर्सची होती. दिलेल्या पत्त्यावर सुलेखाने बेल वाजवली आणि दार उघडलं ते हातात रंगाचा ब्रश घेतलेल्या दिगंबरकाकांनी.

दिगंबरकाका म्हणजे गावातल्या मराठी मंडळींचा आधारवड. मूळचे पुण्याचे, इंजिनियर. साडेतीन वर्षांपूर्वी, भर जानेवारीत, लॅबमधल्या नोकरीसाठी आलेल्या या अनोळखी नागपूरच्या मुलीला ते स्वतः विमानतळावर घ्यायला गेले होते. वीणाकाकूंनी तिला अंगावरचा कोट दिला, पंधरा दिवस घरी ठेवून घेतलं. त्या पहिल्याच दिवशी गाडीत काकांनी सहज विचारलं होतं, “बोरकर म्हणजे मूळ कोकणातले ना तुम्ही?” प्रवासाने आंबलेली सुलेखा नुसतं ‘हं’ म्हणाली. तेव्हापासून गौरीच्या जेवणाला ती पहिल्या पंक्तीला बसत आली. नंतर खरं सांगायचं तिने दहादा ठरवलं आणि दहादा गिळलं.

“अगं, तू? घर बघतेयस?” काका खूश झाले. “ही बिल्डिंग मे महिन्यात घेतली, कोणाला बोललो नाही अजून. तुला हवी तर आजच मूव्ह हो. सकाळी एक नर्स येऊन गेली. बोलायला फर्स्ट क्लास हो, पण काळी. म्हटलं, सॉरी, रेंट झाली. उगाच प्रॉब्लेम कशाला? तू कशी, आपल्यातली. बोरकर म्हटल्यावर मला रेफरन्सपण नको!”

‘बघून सांगते,’ म्हणून सुलेखा तिथून निघाली. तिचे वडील रेल्वेत कारकून. ती पाच वर्षांची असताना त्यांची पुण्याला बदली झाली होती. रोज संध्याकाळी जागा शोधून दमलेला तो माणूस दारात चपला काढायचा आणि आईला म्हणायचा, “गेली म्हणे.” मालक आधी गाव विचारत, मग वस्ती विचारत, की जागा गेलीच. त्या महिनाभरात त्यांच्या आवाजाला जो खालचा सूर लागला तो पुन्हा कधी वर आला नाही.

फॉर्म तीन दिवस फ्रिजवर पडून राहिला. पळवाट होती, आणि अगदी नियमातली. मालक ओळखीचा निघाला तर तसं लिहून पडताळणी रद्द करता येई. शिवाय काका बोलले होते मराठीत, आणि आयोगात मराठीचा एक शब्द कळणारं दुसरं कुत्रं नव्हतं. रविवारी वीणाकाकूंचा फोन आला, “श्रीखंड केलंय गं, येऊन ने.” फोन ठेवल्यावर सुलेखा रडली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं सगळं गाव म्हणणार, हे तिला दिसत होतं. मंगळवारी तिने सगळं लिहिलं, काकांचं मराठी वाक्य आणि खाली त्याचं इंग्रजी.

सुनावणी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला काका, समोर मिसेस टर्नर आणि सुलेखा, मध्ये अध्यक्षीणबाई. फॉर्म वाचून होताच काका मराठीतच कळवळून म्हणाले, “आपल्याच माणसानं असं करावं?”

“काका, तुम्ही समजता तशी मी तुमच्यातली नाही,” सुलेखा म्हणाली. “आम्ही बौद्ध. बाबासाहेबांची माणसं.”

काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मग इतकी वर्षं घरात जेवलीस, आधी का नाही सांगितलंस?”

अध्यक्षीणबाईंनी भाषांतर मागितलं. सुलेखाने प्रश्न सांगितला, आडनावाची भानगड सांगितली, वडिलांच्या जागेची गोष्टही थोडक्यात सांगितली. मिसेस टर्नर सगळं शांतपणे ऐकत होत्या. त्या सुलेखाकडे वळल्या.

“म्हणजे तुला न सांगायची सोय होती,” त्या म्हणाल्या. “मी तर फक्त बेल वाजवली होती.”

सुलेखाने मान खाली घातली. समोर काकांचीही खालीच होती.