गोठा पाहून जामीन

आमच्या तालुक्याचं कोर्ट न्यायाधीश चालवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझे भाऊजी पाहिलेले नाहीत. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. ओळखीपाळखीच्या कोणाला पोलिसांनी धरलं, की हे सातबारा खिशात घालून जामीन राहायला हजर. लोकांना तंबाखूचं व्यसन असतं, यांना जामिनाचं. वकील आरोपीचा गुन्हा विचारत, भाऊजी आधी त्याचा गोठा बघून येत. "तोंडाकडं काय पाह्यता साळेबुवा? ज्याच्या दारात बैल, तो पयत नाही. सांजीले चारापाणी कोण करीन?" एवढा थोर कायदेपंडित नेमका आमच्याच नात्यात यावा, हे आमचं भाग्य. बैल चांगले पोसलेले दिसले म्हणून एका मटकेवाल्यालाही यांनी सज्जन ठरवून टाकलं होतं. तारखेच्या दिवशी सकाळीच आरोपीच्या दारात जायचं, त्याला आंघोळीला पिटाळायचं आणि वरात काढावी तसं कोर्टात न्यायचं, हा पुढचा सोहळा. आणि मला सांगायला जड जातं, पण त्यांचा एकही आरोपी कधी पळाला नव्हता.

पळाला तो सुदाम. कापसाचे भाव पडले त्या वर्षी रस्ता अडवला म्हणून गावातल्या ज्यांच्यावर केस झाली, त्यांतला हा एक. तारखेच्या सकाळी भाऊजी त्याला न्यायला गेले तर घराला कुलूप आणि गोठ्यात नुसते खुंटे. कोर्टात पुकारा झाला, सुदाम नाही. जामीन जप्त का करू नये, असं साहेबांनी विचारलं. भाऊजींनी हात जोडले. "साहेब, त्याचे बैल इकल्या गेले. मंग तो कायले राह्यते?"

"बैलांवर आरोप नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या तारखेला आरोपी आणा, नाहीतर रक्कम भरा." आता रक्कम भरायची म्हणजे ताईच्या दारातली बैलजोडी विकायची. दुसरं होतं काय त्या घरात?

सुदाम राजूरला कोळसा खाणीवर आहे असं कळलं. माझ्या फटफटीवर आम्ही दोघं गेलो. गडी कोळशाच्या ढिगापाशी टोपलं घेऊन उभा, भुवयांपर्यंत काळा. पलीकडे झोपडीत बायको, तिच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. आम्हाला पाहताच त्यानं टोपलं खाली ठेवलं. "चाला दादा, येतो मी." सुटलो बुवा, असं मला वाटलं. भाऊजींनी मात्र विचारलं, "बैल संगंच गेले, का जोडी फुटली?"

"फुटली."

भाऊजींनी टोपलं उचलून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाले, "जाय, कामाचा खाडा नको करू."

परतताना मी तोंड सोडलं. ताईचा तरी विचार करायचा होता, म्हणालो. हे मागून शांतपणे म्हणतात, "वॉरंट हाय त्याच्यावर. नेला तं आत टाकतीन. त्या लेकराले कोण पाहीन?" कोर्टात यांनी सुदाम सापडला नाही म्हणून सांगितलं आणि रक्कम भरली. बैल सुटे विकले असते तर जास्त आले असते, पण या महापुरुषानं ते जोडीनंच विकले. ताई त्या दिवशी जेवली नाही. मला एवढंच म्हणाली, "भाऊजीले काही बोलू नको रे."

संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. भाऊजी रिकाम्या गोठ्याकडे बघत म्हणाले, "साळेबुवा, आता मी बी पयाले मोकळा. माहा जामीन कोण राहीन?"

टोमणा तोंडावर आला होता, पण निघालं भलतंच. "मी राहीन," म्हणालो.

"तुमच्या दारात तं फटफटी हाय," असं म्हणून ते हसले, आणि सवयीनं बैलांची बादली भरायला उठले.