राहिलेले नऊ किलोमीटर

नरहर भिसे यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली. मी सोनागिरीत ठेकेदारी मजुरांची संघटना चालवायचो आणि भिसेकाका कारखान्यात वेल्डिंग तपासायचे. आमच्या लोकांनी जोडलेली एक टाकी त्यांनी नापास केली. ठेकेदार चौघांना काढायला निघाला, तेव्हा मी तावातावानं काकांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांनी माझ्या शिव्या संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टाकीपाशी नेऊन भेग दाखवली. केसाएवढी. पण टाकी नापास केल्याच्या कागदावर त्यांनी हेही लिहिलं होतं की ठेकेदारानं दिलेले रॉड दमट होते, वेल्डरचा दोष नाही. चौघं कामावर राहिले. मी माफी मागितली नाही, त्यांनीही मागायला लावली नाही. मला ते 'नेते' म्हणायला लागले, ते कायमचंच.

वर्ध्याहून आयटीआय करून आलेला हा माणूस तीस वर्षं कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहिला. न बघता सही करायची नाही, एवढीच त्यांची अक्कल, असं लोक म्हणायचे. त्यांना एकच नाद होता, चालण्याचा. कारखान्यातल्या सात मराठी माणसांनी ठरवलं होतं, अमरकंटकपासून असीरगडापर्यंत सातपुडा सलग पायी चालायचा. नोकरी सांभाळून, दर डिसेंबरात रजा टाकून एक तुकडा. जिथे थांबलो, पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात. तेरा हिवाळे गेले. काका मधेच निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण त्र्याण्णवच्या डिसेंबरात सातही जण असीरगडाला टेकले.

महाराष्ट्र मंडळानं सत्कार ठरवला. पत्रिका छापल्या, त्यात 'अखंड सातपुडा पायी' असं मोठ्या अक्षरांत. सभागृहात लावायला नकाशा हवा म्हणून काका जुन्या डायऱ्या काढून बसले आणि तिथेच घोटाळा सापडला. शहाऐंशी साली ते बैतूलच्या पुढे कुंडीखेड्याच्या वनविश्रामगृहापाशी थांबले होते. सत्त्याऐंशीची सुरुवात मात्र सालई नाक्यावरून. मधले डोंगरातले नऊ किलोमीटर कोणीच चाललं नव्हतं. झालं काय, पहाटेच्या बसमध्ये सातही जण झोपले होते आणि कुंडीखेडा मागे पडलं. सालई नाक्याच्या शेवटच्या थांब्यावर बस उभी राहिली, तसे सगळे उतरले, चहा प्यायले आणि चालू लागले. आयुष्यभर कारखान्याच्या बसनं गेटवर नेऊन सोडलेली माणसं ही. बस थांबली की आपलं ठिकाण आलं, यात विचारायचं काय?

काकांनी मंडळाला कळवलं, पत्रिका चूक आहे, मी स्टेजवर बसणार नाही. सगळे भडकले. स्टोअरमधले गोविंदराव मुळे, सातांतलेच एक, मूळ इंदूरचे, काकांच्या घरी येऊन म्हणाले, "अहो, सातशे किलोमीटरमध्ये नऊ! जाने दो ना. तुम्ही काय सातपुड्याचीपण टाकी समजता का?"

काका म्हणाले, "टाकी नऊ इंच सुटली तर पाणी राहतं का त्यात?"

सत्कार रविवारी होता. बुधवारी काकांनी पिशवी भरली. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितला होता. कमलिनीकाकूंनी माझ्याकडे बघून सांगितलं, नेते, तुम्ही सोबत जा, हे पडले तर ओरडायला तरी कोणी हवं. ओरडण्यात माझा हातखंडा, तेव्हा मी गेलो.

गुरुवारी सकाळी आम्ही कुंडीखेड्याहून निघालो. चढ त्यांनी काठीच्या आधारानं माझ्यापेक्षा बरा काढला. सहा किलोमीटरवर खिंड लागली. पुढे तीन किलोमीटर नुसता उतार, सुटे दगड आणि सागाचा निसरडा पाला. पन्नास पावलांत त्यांचा उजवा गुडघा सुजला. ते खाली बसले. मी चिडलो. म्हटलं, कोण विचारतंय तुम्हाला? सहा झाले, बास. खाली जाऊन चार माणसं आणतो, खाटेवर नेतील.

"खाटेवरून गेलो तर ते पायी होतं का?" त्यांनी विचारलं.

मग ते उठले, डोंगराकडे तोंड केलं आणि उलटे उतरायला लागले. तसं गुडघ्यावर वजन कमी येतं म्हणे. पण मागचं दिसत नाही. म्हणून मी पुढे चालून सांगत राहिलो, डावीकडे दगड, इथे वीतभर खड्डा, थांबा, आता टाका पाय. तीन किलोमीटरला चार तास लागले. घसा बसला माझा. वाटेत मोळी घेतलेली एक बाई थांबून हसत सुटली. "बाबा, उल्टे काहे चल रहे हो?"

"घुटना सीधा मानता नहीं, बाई," काका म्हणाले.

सालई नाक्याच्या मैलाच्या दगडाला त्यांनी पाठ लावली, तेव्हा तीन वाजले होते.

रविवारी काका स्टेजवर बसले. सुजलेला पाय स्टुलावर. बोलायला सांगितलं तेव्हा माइक धरून म्हणाले, "माझं पूर्ण झालं. या सहा जणांचे नऊ किलोमीटर अजून बाकी आहेत. पत्रिकेत तेवढं दुरुस्त करून घ्यावं." आणि बसले. सभागृहात कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मी वाजवल्या.

गोविंदराव आठ दिवस काकांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ते बूट घालून, पाण्याची बाटली अडकवून दारात उभे राहिले. बरोबर त्या सहांतले आणखी दोघं. काकूंनी काकांना उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही, म्हणून वाट दाखवायला मला पाठवलं. गोविंदराव खिंडीपर्यंत काकांच्या नावानं बोटं मोडत होते. नंतर उतारावर दोन्ही हातांनी झाडं धरावी लागली. पण चालले, नऊच्या नऊ.