कच्च्या अक्रोडाचा जांभळा प्रयोग

आमच्या शेजारणीचं माहेर उत्तराखंडात. नवरा सायली गावातल्या कारखान्यात कामाला, म्हणून संसार सिल्वासात. एका उन्हाळ्यात माहेराहून परतताना तिने पिशवीभर हिरवी, लिंबाएवढी टणक फळं आणली. "कच्चे अखरोट हैं, अचार डालना," असं सांगून ती घाईत निघून गेली.

माझ्या सासूबाई धुळ्याच्या. त्यांना अक्रोड माहीत तो सुक्या मेव्यातला. पण लोणचं म्हटलं की त्यांना कुणाची शिकवणी लागत नाही. मी कॉलेजातून परतले तेव्हा विळीवर अर्धी पिशवी चिरून झाली होती.

"माय वं, हे बघ काय झालं!" त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. बोटं गडद तपकिरी, नखांच्या कडा काळ्या. विळीचं पातंसुद्धा काळंनिळं पडलेलं. साबण, लिंबू, खोबरेल, सगळं लावून झालं होतं.

मी रसायनशास्त्र शिकवते. मला हसू आलं आणि कुतूहलही वाटलं. "आई, हिरव्या सालीच्या रसाला हवा लागली की त्यात जुग्लोन नावाचा रंग तयार होतो. तो धुऊन जात नाही, वरची कातडी झडेल तेव्हाच जाईल."

"आणि परवा पुतणीचा साखरपुडा आहे त्याचं काय?"

"मेंदी म्हणून सांगा."

आवाज ऐकून शेजारीण आली. हात बघताच तिने कपाळावर हात मारला. "मांजी, दस्ताने पहनने थे!" हातमोजे घाला हे सांगायला ती घाईत विसरली होती. आधी सासूबाईच हसल्या, मग आम्ही दोघी.

उरलेल्यांपैकी थोडी फळं मी प्रयोगशाळेत न्यायची ठरवली. "मीपण येते," सासूबाई म्हणाल्या. "माझे हात रंगवले त्याने. आत काय दडलंय ते मला बघू दे." कॉलेजात त्या पहिल्यांदाच येत होत्या. ठेवणीतली साडी नेसल्या.

मुलांनी फळांचे तुकडे अल्कोहोलमध्ये भिजवून गाळून घेतले. त्या अर्कात लोहाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले, तर तो काळानिळा झाला. "आमच्या विळीसारखा!" सासूबाई म्हणाल्या. बरोबरच होतं. टॅनिनसारखी तुरट द्रव्यं, म्हणजे फिनॉलं, लोखंडाला भेटली की असंच होतं.

मग खरा खेळ. दोन परीक्षानळ्यांत प्रयोगशाळेतल्या एका रसायनाचा गडद जांभळा द्राव घेतला. एकीत नुसतं अल्कोहोल टाकलं. जांभळा तसाच राहिला. दुसरीत अक्रोडाचा अर्क टाकला. जांभळा विरत विरत फिका पिवळा झाला.

मुलांच्या आधी सासूबाईंनी टाळी वाजवली. "गिळला की रंग! कसा?"

"त्या जांभळ्या कणांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो, म्हणून ते हावरट. अक्रोडातली फिनॉलं आणि क जीवनसत्त्व तो देऊन टाकतात. हावरटपणा संपला की रंगही जातो. असं देणाऱ्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात."

"म्हणजे दानशूर फळ आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पण लोणच्यात मुरल्यावर हा गुण उरतो का गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं, तर त्या भलत्याच खूश झाल्या. "मग करून बघू!"

त्यांनी आणि शेजारणीने मोहरीच्या तेलात बरणी भरली. लोणचं मुरल्यावर त्यातल्या दोन फोडींचा अर्क आम्ही कॉलेजात पुन्हा त्या जांभळ्या द्रावासमोर उभा केला. या वेळी रंग सावकाश गेला, पण गेला. सासूबाईंनी तिथल्या तिथे प्रत्येक मुलाच्या हातावर सोबत आणलेल्या बरणीतली एकेक फोड ठेवली. प्रयोगशाळेत खायचं नसतं हा नियम मी त्यांना दारातच सांगितला होता. शेवटी सगळ्यांना व्हरांड्यात पिटाळलं आणि स्वतःही त्यांच्या मागे गेले. आंबट, तिखट, किंचित कडवट. भाकरीशिवाय खायला नकोच होतं, पण एकही फोड उरली नाही.