विंग्रजीला नाट न्हाई
कोरड्या रांजणाच्या मातीचा वास आला की दुष्काळातलं लातूर आठवतं. जिल्हा नवा झाला होता, नळ मात्र कोरडेच. घरात मीठ, कुंकू, पाणी ‘संपलं’ म्हणायची बंदी, ‘वाढलं’ म्हणायचं. पण रिकाम्या रांजणाला तसं म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी शाळेतला शब्द आणला, ‘फिनिश’. आई खूश. “हे बरं हाय, विंग्रजीत म्हटलं की नाट लागत न्हाई.” एके दिवशी टँकर आलाच नाही. मी सारखी दाराशी पळत होते, धाकटा भाऊ पाण्यासाठी रडत होता. आईनं रांजणात हात घालून तळ चाचपला आणि म्हणाली, “संपलं.” अजून माझ्या घरात साखर, गॅस, सगळं फिनिशच होतं; आणि टाकी भरलेली असली तरी मी उठून उठून बघते.