घराण्याची खूण

सुनेनं सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू देऊ नये, तिथं मी भर अंगणात, गड्यामाणसांसमोर, माझ्या सासऱ्यांना ओरडून सांगितलं की तुमच्या कुत्र्याची अंडं पोटात आहेत म्हणून त्याला पिल्लं होत नाहीत. कुंडलमधल्या बायका पुढं कितीतरी वर्षं मला त्याच वाक्यावरून ओळखत होत्या. ओळखू देत! ते वाक्य गिळायला मी तेव्हा तयार नव्हते आणि आजही नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मोठी लढाई चालू होती. म्हसवडहून कुंडलला आले तेव्हा माझ्याबरोबर भांडी आली आणि एक तांबडी कारवानी कुत्री आली. लांब तोंडाची, कमरेत बारीक; सशामागं सुटली की माळावर नुसती धूळ दिसायची. वडलांनी ती माझ्यासाठी म्हणून वाढवलेली. अंगाची हळद निघाली न निघाली तोच नवरा पलटणीत परत गेला, समुद्रापार. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढं एक जनावर उरलं.

सासरे म्हणजे साक्षात जमदग्नी. बैल अडला तर बैलाला, गडी चुकला तर गड्याला, हातातली काठी कुणाच्या पाठीत बसेल याचा नेम नसायचा. जीव होता तो फक्त कुत्र्यांवर. उसात डुकरं शिरली की गावातून आमच्या घरी बोलावणं यायचं. त्यांचं काळं कुत्रं डुकराचा कान धरायचं ते डुक्कर मेल्याशिवाय सोडायचं नाही. एकदा मी भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा डुकरानं त्याची खांद्याची फरी फाडलेली, आतलं हाड पांढरं दिसत होतं, तरी कान सुटला नव्हता. सासऱ्यांनी डुकराच्या नरड्यात भाला घातला, रक्ताची चिळकांडी त्यांच्या तोंडावर उडाली आणि ते हसत होते. माझी भाकरीची पाटी बांधावरच राहिली.

या कुत्र्यांच्या घराण्याची एक खूण होती. नराचं एकच अंड खाली उतरायचं, दुसरं पोटातच राहायचं. आत राहिलेल्याची आग छातीत चढते, म्हणून कुत्रं मागं हटत नाही, अशी सासऱ्यांच्या आज्यापासूनची समजूत. पिल्लं दोन महिन्यांची झाली की सासरे एकेक नर उताणा करून चाचपायचे. एकच हाताला लागलं तर खरं बीज. दोन्ही लागली तर भेसळ, आणि भेसळ गोणपाटात बांधून विहिरीत. मी आले त्या वर्षी काळ्या कुत्र्याच्या बापापासनं शेवटचं वेत झालं, तेव्हा मी ते डोळ्यांनी बघितलं. पोतं बुडेपर्यंत आतनं वळवळत होतं, पिल्लांचा आवाज विहिरीत घुमत होता, आणि सासरे काठावर उभे राहून तंबाखू मळत होते.

काळ्याची तर दोन्ही आत. सासरे चावडीवर मिशीला पीळ देऊन सांगायचे, “एक आत तर येवढी आग, ह्याची दोन आत. म्हंजे दुप्पट!”

आमच्याकडं म्हसवडला उलटी रीत. दोन्ही अंडं हाताला लागल्याशिवाय वडील त्या नराला कुत्री दाखवत नसत. म्हणायचे, “आज एक आत, उद्या दोन आत, परवा दावं मोकळं, बांधायला पिल्लूच नाही.” मला हे ठाऊक होतं. पण सासऱ्यापुढं सुनेनं तोंडातनं काढायचा शब्द का तो?

तांबडी माजावर आली, काळं लावलं. माजाची त्याला काही कमी नव्हती, अंगावर तुटून पडायचं. पिल्लं नाहीत. पुढच्या माजाला पुन्हा लावलं. पुन्हा नाहीत. सासूबाई परड्यात तांबडीला लाथ घालायच्या, “वांझुटी मेली!” आणि बघायच्या माझ्याकडं. माझी कूसही उजवली नव्हती ना! नवरा समुद्रापार, आणि वांझ मी! पत्रातनं पोरं होतात काय? असा संताप यायचा की समोरचं जातं उचलून फेकावं.

शेवटी मी सासूबाईंजवळ तोंड उघडलं. “आत्याबाई, खोट तांबडीत न्हाई. काळ्याची दोन्ही आत हायती. मामंजींना तुमी सांगा.”

खाडकन मुस्काटात बसली. “जीभ झडंल तुजी! कुनाची आंडं मोजतीस गं?”

तिसऱ्या माजालाही काही झालं नाही, तेव्हा सासऱ्यांनी सांगून टाकलं, की भाकरी खाऊन काम न करणारं जनावर या घरात राहणार नाही. त्या सकाळी मी शेण काढत होते. त्यांनी तांबडीला जोत्याच्या खांबाला आखूड बांधलं आणि कुऱ्हाड घेऊन आले. तिनं शेपूट हलवली. कायम जेवायला घालणारा हात होता तो.

मी शेणानं भरलेल्या हातांनी तिच्यावर पडले.

“बाजूला हो.”

“न्हाई व्हायची.”

काठी माझ्या पाठीत बसली. दुसरी खांद्यावर. हाड मोडल्यासारखा आवाज झाला आणि त्याबरोबर माझ्या तोंडातनं ते वाक्य सुटलं, अख्खं, ओरडून. वर हेही म्हणाले, “हिला मारायची तर आधी काळ्याला तपासा! वांझ तो हाय, ही न्हवं!”

गडी खाली बघायला लागले. सासऱ्यांचं तोंड काळंनिळं पडलं. “तपासतो की! समद्यांदेखत तपासतो!” म्हणत त्यांनी काळ्याला गळपट्ट्याला धरून ओढत आणलं. तो बरेच दिवस नीट खात नव्हता, पोट एका बाजूनं फुगलं होतं, पण त्या घरात कुत्र्याच्या दुखण्यापेक्षा त्याचा रुबाब मोठा. सासऱ्यांनी त्याला पायांत दाबलं आणि पोटाखाली हात घालून दाबून चाचपलं.

काळा किंचाळला. कुत्रं असं किंचाळतं हे मला माहीत नव्हतं. वळला आणि त्यानं सासऱ्यांचं मनगट धरलं, डुकराचा कान धरावा तसं. तो सोडणारच नव्हता. त्यांनीच त्याला तसं वाढवलं होतं. गड्यांनी काठ्या घातल्या, दगड घातले. मनगटाचं हाड कडाकडा वाजत होतं. शेवटी सासऱ्यांनी डाव्या हातानं, तांबडीसाठी आणलेली ती कुऱ्हाड उचलली आणि घातली. एकदा, दोनदा, किती वेळा कुणास ठाऊक. काळं मेलं तरी जबडा सुटला नाही, पहारीनं उचकटावा लागला.

हात पटक्यात गुंडाळून सासरे मटकन खाली बसले. मग गड्याला म्हणाले, “चीर पोट.”

गडी नको म्हणाला तर त्याच्यावर गुरगुरले. त्यानं सुरी घातली. आत एका अंडाचीच सोललेल्या नारळाएवढी गाठ झालेली निघाली, आणि दुसऱ्या बाजूला सुपारीएवढं सुकलेलं अंड. सासऱ्यांनी ते डाव्या हातानं उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, “तिला सोड रं.” मी तांबडीला स्वतःच सोडलं.

त्यांचा उजवा हात परत नीट मिटला नाही. पुढच्या माजाला ते स्वतः तांबडीला घेऊन कडेगावला गेले, तिथल्या एका पिंजाऱ्याच्या कुत्र्याकडं. आधी डाव्या हातानं तपासलं, मग लावलं. तांबडीला पिल्लं झाली! मी परड्यात बसून रडले आणि सासूबाईंकडं बघून मुद्दाम मोठ्यानं रडले.

दोन महिन्यांनी सासरे पिल्लं उताणी करायला बसले. सगळ्या नरांना दोन्ही होती. एकाला मात्र एकच. पुढं वडलांनी कबूल केलं, की तांबडीच्या आजीला कुंडलचंच, सासऱ्यांच्याच घराण्यातलं कुत्रं लावलं होतं. खोट मादीच्या पोटातनंही लपून येते. मग तांबडीला मी परत कधी लावू दिलं नाही.

सासऱ्यांनी ते पिल्लू मानेला धरून उचललं आणि गोणपाट ओढलं. आता हे भेसळ.

मी आडवी आले. “आवं मामंजी, त्याला कुत्री दावू नगा, म्हंजे झालं की! जीव कशापायी घेताय?”

त्यांची काठी शेजारीच होती. ती त्यांनी उचलली नाही. पिल्लू हातात लोंबत होतं, ते हळूच मांडीवर घेतलं. विहिरीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

“म्हंजे पोरी,” ते म्हणाले, “कवाच कुनाला मारायची गरज न्हवती व्हय?”

मी गोणपाट त्यांच्या पुढ्यातनं उचलून आत नेलं.

ते पिल्लू म्हातारं होऊन मेलं. दरवर्षी भादवा लागून गावातल्या कुत्र्या माजावर आल्या की सासरे स्वतः उठून त्या मोडक्या हातानं त्याला बांधायचे, आणि तो विव्हळत राहिला तर रात्रभर त्याच्याजवळ बसून राहायचे. आमच्या विहिरीचं पाणी मात्र त्या दिवसापासून त्यांनी मरेपर्यंत प्यायलं नाही.